टिरो देवनागरी मराठी: फुकट, देखणा, पण बोल्ड नाही

इंदुरातल्या कुठल्याही मराठी मंडळाची साइट मोबाइलवर उघडा आणि तिच्यात ‘लालबाग’ किंवा ‘मल्हारगंज’ शोधा. ल च्या उजव्या अंगाला उभा दांडा असेल तर मजकूर मराठी, पण अक्षर हिंदी वळणाचं आहे. आपला ल दोन पाकळ्यांचा. श चंही तेच: गाठीचा श हिंदीचा, देठाचा आपला. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या शासननिर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच सांगितलंय. तो निर्णय मध्य प्रदेशाला लागू नाही, पण इथे गरज उलट जास्त आहे. राजवाड्यापासून छप्पन दुकानापर्यंतच्या पाट्या हिंदी, शाळेची पुस्तकं हिंदी, फोनची भाषा हिंदी. मराठी वळणाचा ल पोरांना कुठे दिसायचा असेल तर तो मंडळाच्या स्मरणिकेत, आणि आता साइटवर.

म्हणून हे परीक्षण एका फॉन्टचं. टिरो देवनागरी मराठी कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सनं काढला. मूळ आराखडा हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या ग्रंथमालेसाठीच्या अक्षरांचा. त्या मालेची पुस्तकं २०१५ पासून निघतायत. त्याच कुळात टिरो देवनागरी हिंदी आणि टिरो देवनागरी संस्कृत असे दोन भाऊ आहेत. तिघांत फरक कोणतं रूप मुळात पुढे येतं याचा. हिंदी फॉन्टवर मराठी ल ची ठिगळं लावलेली नाहीत. ‘मराठी’ नावाची फाइल घेतली की मराठी वळणच मुळात येतं. गूगल फॉन्ट्सवर आहे, परवाना ओएफएल, म्हणजे ओपन फॉन्ट लायसन्स. वापरा, बदला, छापा, वाटा. फक्त फॉन्ट एकटा विकायचा नाही.

दिसण्याबद्दल आधी. हे छापील पुस्तकाचं अक्षर आहे: जाड-बारीक रेघांचा स्पष्ट भेद, जोडाक्षरं पारंपरिक वळणाची. दिवाळी अंकातली कथा, संस्थेचा इतिहास, अहिल्याबाईंवरचा दीर्घ लेख अशा सलग वाचायच्या मजकुराला तो शोभतो. बटणं, मेनू, वर्गणीचा फॉर्म, कार्यक्रमाचं वेळापत्रक यांना नाही. बारीक रेघा १४ पिक्सेलवर स्वस्तातल्या फोनच्या पडद्यावर विरतात. मुख्य मजकूर १८ च्या खाली नेऊ नका, २० असेल तर उत्तम. मेनूसाठी ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा हा फॉन्ट सात वजनांत, म्हणजे जाडीच्या सात पायऱ्यांत मिळतो आणि लहान आकारात टिकतो.

आता मोठी उणीव. टिरोत वजन एकच, ४००. रेग्युलर आणि इटालिक, बस. बोल्ड नाही. साइटच्या टेम्प्लेटमध्ये शीर्षकं आणि ठळक शब्द ७०० वजनाचे असतातच. फाइल नसली की ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो, म्हणजे तीच बाह्यरेषा जाड करून काढतो. लॅटिनमध्ये हे चालून जातं. देवनागरीत ‘श्रद्धा’मधला द्ध, ‘क्षत्रिय’मधला क्ष आणि ‘षष्ठी’तला ष्ठ यांच्या आतल्या पांढऱ्या जागा भरून जातात आणि शिरोरेषेचा काळा पट्टा होतो. मंडळांच्या साइटवर सर्वांत जास्त दिसणारा बिघाड हाच, आणि लोक त्याचं खापर फॉन्टवर फोडतात.

उपाय दोन. पहिला सोपा: सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, फॉन्ट-सिंथेसिस नन ठेवा. मग ठळक शब्द साधेच दिसतील, निदान डाग पडणार नाहीत. शीर्षकांना मुक्तचं ७०० द्या. दुसरा जरा कसबी आहे. फॉन्ट-फेसचे, म्हणजे कोणत्या वजनाला कोणती फाइल हे सांगणाऱ्या नियमाचे, दोन तुकडे लिहा, दोन्हीत फॅमिलीचं नाव एकच. ४०० च्या तुकड्यात टिरोची फाइल, ७०० च्या तुकड्यात नोटो सेरिफ देवनागरीची बोल्ड फाइल. ब्राउझरच्या लेखी हा एकच फॉन्ट, त्यामुळे ठळक शब्दाला तो आपोआप दुसरी फाइल उचलतो. इथे एक खोड निघते: दोन फॉन्टांच्या शिरोरेषा एका उंचीवर नसतात, कारण ओळ जुळते ती तळरेषेवर. ‘गणेशोत्सव’ साधा आणि शेजारचा शब्द ठळक असेल तर वरची रेघ पायरीसारखी चढते. ७०० च्या तुकड्यात साइज-ॲडजस्ट टाका आणि ९२ टक्क्यांपासून दोन-दोननं वर जात रेघा जुळेपर्यंत थांबू नका. पडदा २०० टक्के मोठा करून बघा, नुसत्या डोळ्याला एका पिक्सेलची पायरी चटकन कळत नाही.

फॉन्ट-साइज-ॲडजस्ट नावाचा वेगळा गुणधर्मही आहे, नाव सारखं म्हणून घोटाळा होतो. तो लॅटिनच्या लहान एक्स अक्षराची उंची धरून चालतो. देवनागरीचा शिरोरेषेशी जुळवण्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

फॉन्ट लावताना गूगलचा दुवा चिकटवून मोकळं होणं सर्रास चालतं. ‘तो फॉन्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या साइटमुळे आधीच साठलेला असतो’ हे कारण आता लागू नाही. क्रोमनं २०२० मध्ये साठवण साइटगणिक वेगळी केली, सफारीनं त्याच्या बरंच आधी. शिवाय गूगलची सीएसएस देवनागरी, लॅटिन आणि विस्तारित लॅटिन अशा वेगळ्या फाइली देते. मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरण आणि मोकळी जागा ही सगळी लॅटिनच्या फाइलीत येतात. म्हणजे पानावर एकही इंग्रजी शब्द नसला तरी दोन फाइली उतरतात, वर दुसऱ्या सर्व्हरशी वेगळी जोडणी करावी लागते. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवा, एकच फाइल करून.

ती करायची अशी. पायथॉनमध्ये फॉन्टटूल्स आणि ब्रॉटली बसवा. गूगलच्या भांडारातून फॉन्टची मूळ टीटीएफ फाइल घ्या. पायएफटीसबसेट हे फॉन्ट कापायचं साधन चालवताना यूनिकोडच्या या जागा, म्हणजे अक्षरांचे ठरलेले क्रमांक, द्या: ०९०० ते ०९७एफ (ही अख्खी देवनागरी, १२८ जागा), २००सी आणि २००डी म्हणजे अक्षरं तोडणारं आणि जोडणारं अशी न दिसणारी चिन्हं, २०बी९ म्हणजे रुपयाचं चिन्ह, २५सीसी म्हणजे ठिपक्यांचं वर्तुळ, ००२० ते ००७ई म्हणजे साधं लॅटिन, आणि २०१३ पासून २०२६ पर्यंत म्हणजे डॅश, वळणदार अवतरणं, तीन टिंबं. फ्लेवर डब्ल्यूओएफएफ-२, म्हणजे वेबसाठी दाबून लहान केलेला फाइलप्रकार. लेआउट-फीचर्सला तारा (*) दिला तरी चालेल. न दिल्यासही देवनागरीला लागणारी फीचर्स हे साधन राखतं. फाइल अपेक्षेइतकी बारीक झाली नाही म्हणून हिरमुसू नका. १२८ जागांमधून बनणारी पुष्कळ जोडाक्षरं आणि अर्धी अक्षरं फॉन्टमध्ये वेगळी ग्लिफं, म्हणजे वेगळी चित्रं असतात आणि साधन ती सगळी बरोबर घेतं, घ्यायलाच हवीत.

ऑनलाइन फुकट कापणाऱ्या साइटी टाळा. त्यांतल्या काही जोडाक्षरांचे नियम ठेवलेली जीएसयूबी सारणीच काढून टाकतात. मग ‘स्वागत’ पाय मोडक्या स् आणि सुट्या व चं दिसतं, वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. असं पान दिसलं की आधी फाइल कशी कापली ते विचारा. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी फॉन्टसोर्स या फुकट फॉन्टांच्या भांडारातलं तयार पॅकेज घ्यावं. त्यात भाषावार तुकडे असतात, पण निदान नियम शाबूत असतात.

फाइल सर्व्हरवर ठेवताना एमआयएमई प्रकार (फाइल कसली आहे हे सर्व्हर ब्राउझरला सांगतो ते) फॉन्ट/डब्ल्यूओएफएफ२ असल्याची खात्री करा आणि साठवणुकीची मुदत वर्षाची, म्हणजे ३१५३६००० सेकंद द्या. फाइल बदलली तर नाव बदला. पानाच्या हेडमध्ये प्रीलोड, म्हणजे फाइल आधीच मागवून ठेवणारी ओळ, लिहिताना क्रॉसओरिजिन हा शब्द हवाच, फॉन्ट आपल्याच डोमेनवर असला तरी. तो विसरला तर ब्राउझर तीच फाइल दोनदा उतरवतो: एकदा प्रीलोडसाठी, एकदा खऱ्या वापरासाठी. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क पट्टीत एकच नाव दोनदा दिसलं तर कारण बहुधा हेच.

फॉन्ट येईपर्यंत काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या फॉन्ट-डिस्प्लेला स्वॅप द्या. ऑप्शनल दिल्यास नेट हळू असताना पहिल्या भेटीत टिरो येतच नाही आणि ज्यासाठी एवढं केलं तो ल दिसत नाही. स्वॅपमध्ये आधी फोनचा फॉन्ट, मग टिरो. वाचता वाचता ओळी हलतात. ते कमी करायचं तर प्रीलोड आणि लहान फाइल, दुसरा रामबाण उपाय नाही.

मात्र टिरो येण्याआधी दिसणारा फॉन्टही मराठी वळणाचा असू शकतो, आणि तिथे एका चुकीनं सगळं फसतं. टेम्प्लेट इंग्रजीतून उचललेली असते आणि एचटीएमएल टॅगमध्ये लँग ची किंमत ईएन (इंग्रजी) राहून जाते. इंदुरात पुष्कळदा ती एचआय (हिंदी) असते, कारण साइट बनवणाऱ्याची आधीची सगळी कामं हिंदी. अनेक देवनागरी फॉन्टांत ल आणि श ची दोन्ही रूपं असतात आणि लोकल नावाचं फीचर भाषा बघून निवड करतं. ती भाषा वाचकाच्या फोनच्या सेटिंगमधून येत नाही, पानातून येते. एमआर (मराठी) लिहिलं की ज्या फॉन्टात सोय आहे तो फॉन्ट मराठी रूप देतो. वर्डप्रेसमध्ये सामान्य सेटिंगात साइटची भाषा मराठी निवडली की हे आपोआप होतं. तुमच्या फोनचा फॉन्ट काय करतो ते बघायला ‘लालबाग, मल्हारगंज, अहिल्या, शिव’ ही ओळ दोनदा लिहा, एकीला लँग एमआर, दुसरीला एचआय. एकटा ल बघून थांबू नका. ल्य आणि ल्ह मध्ये अर्धा ल येतो, तिथे फॉन्टची सफाई कळते. कोणता फॉन्ट खरोखर लागलाय हे फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमधली फॉन्ट्स पट्टी सांगते. क्रोममध्ये कम्प्यूटेडच्या तळाशी रेंडर्ड फॉन्ट्स.

इंदुरातल्या साइटवर हिंदी मजकूरही असतोच. पोलिसांची मिरवणुकीची सूचना, नगर निगमचं पत्र, अर्धी निमंत्रणं. अख्खा हिंदी लेख असेल तर त्याला लँग एचआय द्या आणि त्या भागाला टिरो देवनागरी हिंदी लावा. दोन भावांची ठेवण एक असल्यानं पान एकजीव राहतं. दोन-चार ओळींसाठी मात्र दुसरी फाइल उतरवणं उधळपट्टी आहे. लँग बरोबर ठेवा, कारण पान वाचून दाखवणाऱ्या साधनाला उच्चार त्यावरून कळतो, आणि फॉन्ट मराठीच राहू द्या. हिंदी ओळीत मराठी ल दिसला म्हणून इंदुरात कोणी रुसणार नाही.

ओळीतल्या अंतराबाबत टेम्प्लेटवर विसंबू नका. इंग्रजीसाठी १.५ पुरतं. आपल्याकडे ‘मूर्तींची’ या एका शब्दात वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खाली दीर्घ ऊकार. लाइन-हाइट १.७५ पासून सुरू करा, आणि ती नुसत्या आकड्यात लिहा, पिक्सेलमध्ये नको, नाहीतर शीर्षक मोठं झालं की ओळी एकमेकींवर चढतात. बातम्यांच्या चौकटींना ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर आलेलं कापणारा नियम असतो. त्यात पहिल्या ओळीचे रफार-अनुस्वार कापले जातात आणि ‘मूर्तींची’ची ‘मूतीची’ होते. चौकटीला वरून थोडं पॅडिंग दिलं की सुटतं.

लेटर-स्पेसिंग शून्य. इंग्रजी टेम्प्लेटांत शीर्षकांना ते हमखास दिलेलं असतं, आणि देवनागरीत अक्षराअक्षरामध्ये शिरोरेषा तुटते, दात पडल्यासारखी. दुव्यांखालची रेघ उकारांना छेदते किंवा त्यांना टाळत तुकडे तुकडे होते; टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.२५ ईएमच्या आसपास नेली आणि रेघ बारीक केली की ठीक. दोन्ही कडा सरळ करण्याच्या मोहात पडू नका, फोनच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये खिंडारं पडतात. क्रमांकासाठी लिस्ट-स्टाइल-टाइप देवनागरी दिलं की १, २, ३ येतात, हाताने टंकायची गरज नाही.

लेखाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं असेल, आणि या फॉन्टमध्ये ते फार सुरेख दिसतं, तर सीएसएसच्या फर्स्ट-लेटर या सोयीवर भरवसा ठेवू नका. लेख ‘स्वातंत्र्य’नं सुरू झाला तर काही ब्राउझर नुसता स् मोठा करतात आणि वातंत्र्य मागे उरतं. यूनिकोडनं जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये घातला. सगळीकडे तो पोचलेला धरू नये. हाताने ‘स्वा’ एवढं स्पॅन या टॅगमध्ये टाका. स्पॅन अक्षराच्या मध्ये तुटला तर जोड सुटतो, तेवढं बघा.

आता खास मराठी काटा. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’. पहिला गुरुजींना, दुसरा स्वयंपाक्याला. हा अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत: साधा र, हलन्त आणि २००डी हे न दिसणारं जोडचिन्ह; किंवा ०९३१ या जागेचा ऱ आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखे, पण पानात शोधताना एकाला दुसरा सापडेलच असं नाही. मजकूर साफ करणाऱ्या काही स्क्रिप्ट न दिसणारी चिन्हं उडवतात; मग पहिल्या रीतीनं लिहिलेला आचारी बिनबोभाट आचार्य होतो आणि महाप्रसादाच्या पानावर आभार भलत्याचे मानले जातात. साइटभर ऱ ची रीत ठेवा, जुना मजकूर एकदाच शोधून-बदलून घ्या. २००सी-२००डी या जागा तरीही फॉन्टमध्ये असू द्या, कारण बाहेरून चिकटवलेल्या मजकुरात त्या येतातच. ॲ साठीही ०९७२ ही स्वतंत्र जागा २००८ पासून आहे. अ वर चंद्र चढवलेला ॲ सारखाच दिसतो आणि शोधात वेगळा निघतो.

डीटीपीवाल्याकडून स्मरणिकेचा मजकूर कृतीदेव किंवा श्रीलिपीत आला तर तो फॉन्ट बदलून वाचता येणार नाही. त्यात मराठी अक्षरांच्या जागी लॅटिनचे कोड आहेत. आधी यूनिकोडमध्ये रूपांतर, मग अर्धा र, ॲ आणि रफार असलेले शब्द डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर अडखळतो तो इथेच. उलट दिशेनं मात्र टिरो सोयीचा: तीच टीटीएफ डीटीपीवाल्याच्या संगणकावर बसते, त्यामुळे पत्रिका आणि साइट एका अक्षरात निघतात. छपाईत बारीक रेघा नीट उमटतात, १२ पॉइंटला हा फॉन्ट पडद्यापेक्षा कागदावर जास्त खुलतो.

गणपतीत अथर्वशीर्ष स्वरांसकट टाकायचं असेल तर वरच्या-खालच्या स्वरचिन्हांच्या ०९५१ आणि ०९५२ या जागा वर दिलेल्या पट्ट्यात आहेतच. तेवढ्या पानाला टिरो देवनागरी संस्कृत लावावा. त्या मजकुरातल्या जोडाक्षरांसाठी तो जास्त तयारीचा आहे.

बोल्डशिवाय अडत असेल तर आयआयटी मुंबईचा शोभिका बघा: रेग्युलर आणि बोल्ड दोन्ही, तोही ओएफएलखाली, राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रावर आधारलेला. बातम्या आणि वेळापत्रकंच जास्त असतील तर नोटो सेरिफ देवनागरी बरा, १०० ते ९०० वजनं आहेत आणि लँग एमआर तेवढं विसरू नका. लेख, कथा, आठवणी, स्मरणिका छापणाऱ्या साइटीला आमची पसंती टिरोलाच. पाचपैकी चार गुण. कापला तो एक बोल्डचा.

पान चढवण्याआधी जेल रोडच्या नॉव्हेल्टी मार्केटात मिळणाऱ्या जुन्या, स्वस्त अँड्रॉइडवर ते एकदा उघडा, फोनची भाषा हिंदी ठेवून, नेट हळू करून. ‘लालबाग’, ‘मूर्तींची’, ‘आचाऱ्याला’, ‘श्रद्धा’ हे चार शब्द साधे आणि ठळक, दोन्ही तऱ्हांनी नीट दिसले की साइट चढवायला हरकत नाही.